काचेतले पाणी आणि न दिसणारे कामकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा जन्मभर कामगार चळवळीत वावरलेला हा माणूस एखाद्या संपाचा किंवा वेतनमंडळाचा इतिहास सांगेल अशीच त्यांची अटकळ असावी. मी म्हणालो, घरी काचेच्या पेटीत मासे ठेवतात ना, त्या पेटीतल्या पाण्याचा इतिहास सांगतो. चालक क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी पेटी असेल. नाही तर एकदा हौसेने आणून, मासे मेले म्हणून माळ्यावर टाकलेली तरी असेल. ते मासे का मेले हे माणसाला कळावयास किती काळ लागला आणि ते कळण्यास कोणाकोणाचे हात लागले, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री रूढ झाले असले तरी आमच्या तोंडी अजून नगरच येते, ते चालवून घ्यावे. मलिक अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास हे शहर वसविले आणि पुढच्या शंभर वर्षांत त्याला पाणी आणले ते कापूरवाडी, वडगाव, शहापूर, भिंगार अशा आसपासच्या ठिकाणांहून, जमिनीखालच्या खापरी नळांतून. हे पाणी हौदांत येई, हौदांतून पुढे जाई. १५८३ साली पुरा झालेला फराहबागेचा महाल पाहा. भर तळ्याच्या मध्यभागी तो उभा केला. तळे आज कोरडे पडले आहे, पण बांधणाऱ्यांचा हिशोब त्यावरून समजतो. पाणी शोभेसाठी असो की पिण्यासाठी, ते येते आणि जाते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

माशांच्या बाबतीतही आपल्याकडचा जुना अनुभव असाच वाहत्या पाण्याचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे, हे सारे त्यात येते. पण ते मासे नदीचे, तळ्याचे, समुद्राचे. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे मासे आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या जगतात. तेच भाविक घरी येऊन काचेच्या पेटीत तशाच मुठी सोडू लागले, तर आठ दिवसांत पेटी नासते. माणूस तोच आणि माया तीच. फरक आहे तो पाण्याच्या खालून-वरून होणाऱ्या वाहतुकीचा.

बंद भांड्यात मासा ठेवण्याची कला चिनी लोकांची. सुंग घराण्याच्या काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, त्यांनी लाल-पिवळ्या माशांची निपज तळ्यांत केली, आणि पुढे मिंग काळात हे सोनमासे चिनी मातीच्या भांड्यांत घरी आले. सतराव्या शतकात ते युरोपात पोचले. ही भांडी टिकली ती एकाच उपायाने: कोणीतरी रोज उठून पाणी बदलावयाचे. ज्ञान नव्हते, पण हात होते. इतिहासाच्या पुस्तकांत त्या हातांची नावे सापडत नाहीत.

काचेच्या टाकीची पहिली मानकरी एक स्त्री आहे, हे मला जिल्हा वाचनालयात बसून वाचताना समजले तेव्हा फार बरे वाटले. झान विलप्र-पॉवर ही फ्रान्समधल्या खेड्यातून पॅरिसला आलेली शिवणकाम करणारी मुलगी. लग्नानंतर ती सिसिलीत मेसीना येथे राहिली, आणि १८३२ साली समुद्रातल्या जिवांचे निरीक्षण करता यावे म्हणून तिने काचेच्या टाक्या करविल्या. सुई चालविणाऱ्या हातांना बारकाईची सवय असते. मृदुकाय अष्टपाद प्राण्यांच्या एका जातीचे कवच तो प्राणी दुसऱ्याचे उचलून आणतो की स्वतः बनवितो, हा जुना वाद तिने ह्याच टाक्यांच्या आधारे निकालात काढला. तो स्वतः बनवितो.

परंतु समुद्राच्या काठी ताजे पाणी हाताशी असते. खरा प्रश्न होता तो समुद्रापासून, नदीपासून दूर, एखाद्या शहरातील माडीवर पाणी न बदलता मासा जगेल कसा, हा. ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अठराव्या शतकात मिळाले होते. १७७१ साली जोसेफ प्रीस्टले ह्याने दाखविले की, मेणबत्तीने बिघडविलेली बंद भांड्यातील हवा पुदिन्याची डहाळी ठेवल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुधारते. १७७९ साली यान इंगेनहाउस ह्याने त्यात मोलाची भर घातली: वनस्पती हे काम फक्त उजेडात करते, अंधारात तीही आपल्याप्रमाणेच हवा वापरते. घरच्या टाकीतले मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडमीट करतात त्याचे एक कारण ह्या वाक्यात आहे. रात्रभर मासा आणि शेवाळ दोघेही एकाच शिदोरीतून खात असतात.

मग आला रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या औषधी करणाऱ्यांच्या संस्थेतला हा रसायनज्ञ. त्याने सुमारे बारा गॅलनांची, म्हणजे आपल्या साडेतीन-चार घागरींची, एक टाकी घेतली. तळाशी वाळू, माती, दगड घातले; रिबिनीसारख्या लांब पानांची वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली; आणि दोन लहान सोनमासे सोडले. हिशोब साधा होता. मासा कर्बवायू सोडील तो वनस्पती घेईल. वनस्पती प्राणवायू सोडील तो मासा घेईल. काही दिवस बरे गेले. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवी बुरशी चढली. दुसरा एखादा असता तर त्याने टाकी घासून पुसून पुन्हा भरली असती. वॉरिंग्टन तळ्याकाठी गेला आणि तळ्यात हे काम कोण करते ते त्याने पाहिले. त्याने टाकीत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली, पाणी निवळले, आणि गोगलगाईंची अंडी माशांना खावयास मिळाली. १८५० साली त्याने हा प्रयोग रसायनज्ञांच्या सभेपुढे मांडला.

मला ह्या माणसाचे कौतुक वाटते ते दोन मासे जगविले म्हणून नव्हे. मासा दिसतो, वनस्पती दिसते, पण दोघांचा कचरा उचलणारा तिसरा लागतो, आणि त्याच्यावाचून पहिल्या दोघांचे जमत नाही, हे त्याने प्रथम लक्षात घेतले. तेथे त्याची दृष्टी थांबली. तिसऱ्याच्या मागे आणखी कोणी आहे, हे त्याला दिसणे शक्य नव्हते.

त्याच सुमारास इंग्लंडात ह्या गोष्टीचे वेड पसरले. काचेवरील सरकारी कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप गॉस ह्याचे पुस्तक निघाले आणि ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. घरोघर टाक्या आल्या, आणि घरोघर मासे मेले. लोकांना वाटले होते की समतोल एकदा साधला की तो आपोआप चालतो, टाकी म्हणजे किल्ली दिलेले घड्याळ. दहा-पंधरा वर्षांत वेड ओसरले. त्या पडत्या काळात विल्यम ॲल्फर्ड लॉइड ह्या पदवी नसलेल्या व्यापाऱ्याने एक व्यवहारी तोडगा काढला. टाक्या व त्यांचे सामान विकता विकता तो शिकला होता. १८६४ साली हॅम्बुर्ग येथील आणि १८७१ साली लंडनच्या स्फटिकमहालातील मत्स्यालय त्याने उभारले. तेथे दाखवावयाच्या टाक्यांत पाणी होते त्याच्या कित्येक पट पाणी त्याने खाली अंधारात साठविले आणि ते पंपाने सतत फिरवीत ठेवले. अंधारामुळे शेवाळ वाढेना, फिरण्यामुळे हवा मिसळे. जुने खापरी नळ बांधणाऱ्यांस हे चटकन समजले असते.

आपल्याकडे मोठ्या काचेआडचा मासा सामान्य माणसाने पाहिला तो बहुधा मुंबईस, चौपाटीजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते उघडले. मोर्च्याला मुंबईस गेलेली आमची मंडळीदेखील वेळ काढून तेथे जात.

आता तिसऱ्याच्या मागच्या चौथ्याकडे येतो. तो सापडला तो शोभेच्या टाकीत नव्हे, गटारात. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंत्स ह्या दोघां फ्रेंच संशोधकांनी शहरातले सांडपाणी वाळू भरलेल्या उभ्या नळीतून हळूहळू झिरपू दिले. सांडपाण्यात अमोनिया असतो. मुतारीजवळून जाताना नाकाला झोंबतो तोच हा. सुरुवातीचे काही दिवस वरून घातलेला अमोनिया खालून तसाच बाहेर आला. तीन-एक आठवड्यांनी मात्र खाली नायट्रेट, म्हणजे शेतकरी ज्यासाठी खत घालतो ते क्षार, येऊ लागले. हा निव्वळ रसायनाचा खेळ असता तर तो पहिल्या दिवशीच व्हावयास हवा होता. म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले! वाफ काढून घेऊन, थोडी ताजी मातीची निवळ घातली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. जे गुंगीने थांबते ते जिवंत असले पाहिजे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर, कारखान्यात कोणी कामगार आहेत हे मालकाला पुष्कळदा काम थांबल्यावरच कळते.

ते कामगार वेगळे करून ओळखण्याचे काम सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिचला केले. त्याने दाखविले की ही पाळी दोन आहेत. एका जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बेताने असेल तर मासा सोसतो. घरच्या टाकीत दुसरी पाळी करणारे जंतू कोणते, ह्याची पाठ्यपुस्तकातील समजूत तर १९९८ साली बदलली. इतके दिवस ज्यांचे नाव घेतले जात होते ते नव्हेत, नायट्रोस्पिरा नावाचे दुसरेच हे काम करतात असे आढळले. शंभर वर्षे मजुरी एकाने केली आणि हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागली. आमच्या ठेकेदारीत हे नवल नाही.

हे सारे मी वाचले ते मासे मारून झाल्यावर. ती हकीगत लपवीत नाही. मुलीच्या हट्टाखातर आम्ही दोन फूट लांबीची टाकी आणली होती. सात-आठ महिने ती बरी चालली. एका रविवारी मला स्वच्छतेचा झटका आला. मासे बादलीत काढले, सारे पाणी ओतून दिले, खडी उकळत्या पाण्यातून काढली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा शुभ्र होईतो पिळला, काच अशी घासली की शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, टाकीत पाणी आहे की नाही तेच कळेना!” नळाचे ताजे पाणी भरले आणि मासे सोडले. मंगळवारी सकाळी ते पाण्याच्या वरच्या थरात तोंडे काढून होते. गुरुवारपर्यंत एकही उरला नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखे स्वच्छ होते.

आमच्या युनियनचे एक वडीलधारे सभासद पालिकेच्या सफाई खात्यात तीस-पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले आहेत. ते त्याच संध्याकाळी घरी आले होते. रिकामी टाकी पाहून म्हणाले, “भाऊ, समदंच धुतलं का? थोडा जुना गाळ राखायला पाहिजे व्हता. संडासाची टाकी उपसताना बी आम्ही तळाला थोडा ठेवतो. न्हाई तर ती पुन्यांदा चालू व्हायला लई दिस घेती.” श्लेझिंग आणि म्युंत्स ह्यांची नावे त्यांनी कधी ऐकलेली नाहीत.

ह्या हकीगतीवरून टाकी कशी राखावी ते पुष्कळसे निघते. हे जंतू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खडीवर, काचेवर, स्पंजाच्या भोकांत चिकट थर करून राहतात. म्हणून स्पंज धुवावयाचा तो टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात, वरचेवर दोनदा पिळून. पाणी सारे कधीच बदलू नये. आठवड्यास पाचवा ते चौथा हिस्सा, तोही रबरी नळीने तळाची घाण ओढून घेत. नवी टाकी भरली की लगेच डझनभर मासे आणण्याची घाई होते. जंतूंची वस्ती वाढावयास महिना-दीड महिना लागतो, तोवर दोन-तीनच दणकट मासे ठेवावे. आणि आपले नळाचे पाणी मुळा धरणाचे, क्लोरीन घातलेले. जे क्लोरीन पटकीच्या जंतूंना मारते ते ह्या जंतूंना ओळखून सोडून देत नाही, आणि माशांचे कल्लेही जाळते. पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात वा बादलीत दिवसभर उघडे ठेवले म्हणजे ते पुष्कळसे उडून जाते. बाजारात त्यासाठी थेंबही मिळतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्यांस क्लोरीनची धास्ती नाही, पण आपल्या काळ्या खडकातले पाणी जड असते. त्यात गप्पी, मॉली चांगले राहतात, नाजूक जाती कुरकुरतात.

खाऊ घालण्याविषयी एकच सांगतो. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. उरलेले खाद्य म्हणजे उद्याचा अमोनिया. घरात पाहुणे आले की प्रत्येक जण येताजाता चिमूट सोडतो; त्या दिवशी डबा कपाटात ठेवावा.

नगरचा उन्हाळा हा दुसरा शत्रू. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे मासा उष्णतेने जास्त धापा टाकतो त्याच वेळी शिदोरी आटते. आणि जंतूंनाही प्राणवायू लागतोच. त्यातच दुपारी वीज गेली की पंप बंद. अशा वेळी खाद्य थांबवावे, झाकण काढावे, तांब्याने पाणी वर उचलून धारेने सोडीत राहावे. बरणीसारख्या अरुंद तोंडाच्या गोल भांड्यात मासा ठेवूच नये. ते भांडे गळ्यापर्यंत भरले की हवेस शिरकाव उरत नाही.

दुकानदार आणखी एक मासा गळ्यात घालतात: ‘सकर’, काच चाटून साफ करणारा. लोक समजतात, सफाईला एक गडी ठेवला, आता आपल्याला बघावयास नको. तो काचेवरचे शेवाळ थोडेसे खातो हे खरे, पण तो स्वतःही घाण करतो, आणि फूटभराहून मोठा होतो. मग त्याला नदीत नेऊन सोडतात. हे पाप करू नये. चिलापी मासा १९५२ साली परदेशातून भारतात आणला गेला, तो आज आपल्या कर्जतच्या सीमेवरील उजनीच्या जलाशयात भरून राहिला आहे. बाहेरचा मासा एकदा पाण्यात गेला की परत बोलावता येत नाही. गप्पीचेही तेच. १८६६ साली त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला नाव मिळाले, आणि १९०८ साली तो हिंदुस्थानात आला. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस १८९७ मध्ये हिवतापाचा माग डासापर्यंत लावल्यानंतर, डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून त्याला मान चढला. आपल्या आरोग्य केंद्रांत त्याची पैदास करतात, तो हौदांत, पडक्या विहिरींत सोडतात, आणि त्याने उपकारही केले आहेत. परंतु ओढ्या-नद्यांत तो देशी लहान माशांच्या मुळावर येतो असे जाणकार सांगतात. हौद आणि नदी ह्यांत फरक करावा.

नदीवरून एक गोष्ट आठवते, ती सांगून थांबतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या दारापुढे आमची सभा चालू होती, थकलेल्या बोनससाठी. त्याच वेळी नदीकाठचे चार-पाच भोई तेथे आले. मळीचे तांबडे-काळे पाणी नदीत सुटले होते आणि मासे वर येऊन तोंडे उघडमीट करीत काठाला लागत होते. युनियनने ह्यात काही बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते. मीच त्यांना म्हणालो, “आधी आमचा बोनस होऊ द्या, मामा, मग तुमचे मासे पाहू.” मळीत विष नसते, साखरेचाच उरलेला अंश असतो, त्याने मासा कसा मरेल, असेही मी ऐटीत सांगितले. ते काही न बोलता गेले. मळी स्वतः मारीत नाही. ती कुजविण्यासाठी जंतू जमतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू तेच वापरून टाकतात. त्या मंगळवारी सकाळी मी मुलीच्या टाकीपुढे उभा राहिलो तेव्हा तीच तोंडे, तशीच उघडमीट पाहिली, आणि मला तो फाटक आणि ते भोई आठवले. बोनस त्या वर्षी मिळाला. त्या भोयांकडे मी परत गेलो नाही.

आज आमच्या टाकीत नऊ गप्पी, चार मॉली आणि थोडी लांब पानांची वनस्पती आहे. काच एका बाजूने हिरवट असते, ती बाजू मी भिंतीकडे ठेवतो. शनिवारी बादलीभर पाणी काढतो, स्पंज त्यात दोनदा पिळतो, आणि ते पिवळसर पाणी गच्चीवरच्या मोगऱ्याला घालतो. नायट्रेट त्याला मानवते. यंदा चैत्रातच कळ्या धरल्या आहेत.